डॉ. कमल रणदिवे : पेशींचे विभाजन, स्तनाचा कर्करोग आणि तुमच्या हातातला रिपोर्ट

घरात कोणाची स्तनाची बायोप्सी झाली असेल, तर रिपोर्टमध्ये मायटोटिक काउंट, ग्रेड, केआय-६७ असे शब्द तुम्ही पाहिले असतील. भाईंदर किंवा मीरा रोडहून लोकल पकडायची, दादरला उतरायचे आणि फाइल छातीशी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे, हा प्रवास अनेक कुटुंबांच्या ओळखीचा आहे. त्या प्रवासात दोन प्रश्न मनात घोळत असतात. या शब्दांचा अर्थ काय? आणि आईला झाले, म्हणजे मुलीलाही होणार का?

या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी पेशींचे विभाजन आहे. याच विषयावर आयुष्यभर काम करणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची ओळख आज करून घेऊया. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. त्यांच्या कामाबरोबर पुढे जात तुमच्या रिपोर्टमधले शब्दही समजून घेऊ.

पुण्यातले शिक्षण आणि सीताफळाच्या पेशी

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. वैद्यकीय शिक्षणाकडे त्या वळल्या नाहीत.

१९३९ मध्ये त्यांचे लग्न गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाले. डॉक्टर जावयाची वडिलांची इच्छाही अशी राहून गेली. मात्र पेशीशास्त्राच्या पुढच्या अभ्यासात पतीची त्यांना मोठी मदत झाली. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम. एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा ही सगळी या कुळातली. सोसायटीच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा अशोकही त्याच कुळातला.

गुणसूत्रांचा अभ्यास म्हणजे विभागणाऱ्या पेशींचा अभ्यास. पेशी शांत असते तेव्हा तिच्यातला डीएनए सुताच्या गुंत्यासारखा पसरलेला असतो. पेशी दोन होण्याच्या तयारीला लागली की तो आखडून जाड होतो आणि एकेक गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसू लागते. मोजणी तेव्हाच करता येते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा दोन्हींना ४६ च मिळायला हवीत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

ही वाटणी बिनचूक कशी होते?

सेंट्रोसोम म्हणजे काय?

माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशीत केंद्रकाजवळ एक अतिशय लहान रचना असते. तिला सेंट्रोसोम म्हणतात. तिच्या आत सेंट्रिओल नावाच्या दोन बारीक नळकांड्या एकमेकींशी काटकोनात असतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले तारककेंद्र आठवते का? तेच हे. प्रत्येक सेंट्रिओलची लांबी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. भोवती प्रथिनांचे एक आवरण असते. पेरिसेंट्रिन आणि गॅमा-ट्युब्युलिन ही त्यातली दोन महत्त्वाची प्रथिने. या आवरणातून बारीक तंतू फुटतात.

पेशी विभागण्याआधी डीएनएची एक प्रत तयार होते. त्याच सुमारास सेंट्रोसोमचीही जोडी तयार होते. मग दोन सेंट्रोसोम पेशीच्या दोन टोकांना जातात आणि मधल्या जागेत तंतूंची चाती उभी राहते. हे तंतू गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी धरतात, मध्यावर रांगेत आणतात आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे ओढून नेतात.

येथे सर्वात कडक नियम एकच आहे. प्रत्येक जुन्या सेंट्रिओलशेजारी एका फेरीत एकच नवा सेंट्रिओल तयार व्हायला हवा. हा नियम काही प्रथिने मिळून पाळतात. पीएलके-४ नावाचे प्रथिन जुन्या सेंट्रिओलच्या भिंतीवर एकच जागा नक्की करते. तेथे एसटीआयएल आणि एसएएस-६ ही प्रथिने जमतात. एसएएस-६ पासून नऊ आरे असलेले चाक तयार होते आणि त्या चाकावर नवी नळकांडी उभी राहते. पीएलके-४ कमी पडले तर नवा सेंट्रिओल बनत नाही. ते गरजेपेक्षा जास्त झाले तर एकाच्या जागी अनेक बनतात. म्हणून पेशी हे प्रथिन अगदी थोडे ठेवते आणि काम झाले की त्याचा निचरा करते.

एक गंमत लक्षात घ्या. सीताफळासारख्या फुलझाडांच्या पेशींत सेंट्रिओल नसतातच. त्या दुसऱ्या मार्गाने चाती उभारतात. म्हणजे रणदिवे यांनी विभाजनाचा पहिला धडा घेतला तो सेंट्रिओल नसलेल्या पेशींवर. पुढचे सगळे आयुष्य मात्र सेंट्रिओल असलेल्या पेशींबरोबर गेले, प्राण्यांच्या आणि माणसाच्या.

परळ, बाल्टिमोर आणि पुन्हा परळ

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, पाया घालणारे म्हणून आजही त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

खानोलकरांनी त्यांना परदेशी जाऊन नवे तंत्र शिकण्यास सुचवले. अभ्यासवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशी जगात प्रथम १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत मिळाल्या. हेला या नावाने त्या ओळखल्या जातात. पेशींना ऊब किती द्यायची, त्यांचे अन्न कोणते, जंतूंपासून त्यांना कसे जपायचे, हे सगळे रणदिवे यांनी तेथे शिकून घेतले.

परत आल्यावर त्या परळच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. हे केंद्र १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने उभे राहिले होते. तेथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. भारतातली ती अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशींसाठी लागणारे पोषक द्रावण त्या काळी सहज विकत मिळत नसे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही द्रावणे येथेच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली. कर्करोग कसा सुरू होतो, पेशीचे जीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती यांवर काम करणारे नवे विभाग त्यांनी सुरू केले. या केंद्राचे काम आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत चालते. तेथे उपचारासाठी जाऊन आलेली कुटुंबे तुमच्या ओळखीतही असतील.

यात रुग्णाचा फायदा काय, असे तुम्ही विचाराल. शरीराबाहेर जिवंत पेशी वाढवता आल्या म्हणजे त्यांचे विभाजन डोळ्यांसमोर पाहता येते. एखादे औषध ते थांबवते का, हेही तपासता येते. केमोथेरपीची औषधे माणसाला देण्याआधी अशा पेशींवर पारखली जातात. गुणसूत्रांच्या अनेक तपासण्यांसाठीही पेशी आधी वाढवाव्याच लागतात.

मोजणी चुकली तर काय होते?

सेंट्रोसोम हे नाव १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी दिले. समुद्री अर्चिनच्या एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर काय होते, ते त्यांनी पाहिले. पेशीत दोनऐवजी चार टोके तयार होत, गुणसूत्रांची वाटणी विस्कटे आणि बहुतेक अंड्यांची वाढ पुढे बिघडे. १९१४ मध्ये त्यांनी मांडले की कर्करोगाची सुरुवातही गुणसूत्रांच्या अशाच चुकीच्या वाटणीतून होत असावी. त्या वेळी हे सिद्ध करण्याची साधने नव्हती. आज स्तनाच्या कर्करोगासह अनेक कर्करोगांच्या पेशींत जास्तीचे सेंट्रोसोम दिसतात, हे माहीत आहे. कर्करोगाचे ते एकमेव कारण नाही. पण त्यामुळे गुणसूत्रांचा गोंधळ वाढतो आणि गाठ अधिक आक्रमक होऊ शकते.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ.

मायटोटिक काउंट म्हणजे ठरावीक क्षेत्रात विभाजनाच्या अवस्थेत सापडलेल्या पेशींची संख्या. पॅथॉलॉजिस्ट त्या एकेक करून मोजतात. अ‍ॅटिपिकल मायटोसिस असा शब्द असेल, तर काही पेशींची चाती वेडीवाकडी, तीन किंवा चार टोकांची दिसली, असा त्याचा एक अर्थ असतो.

ग्रेड तीन गोष्टींवरून ठरते. पेशी मूळच्या नलिकांसारखी रचना किती राखून आहेत, त्यांची केंद्रके किती बदललेली आहेत आणि मायटोटिक काउंट किती आहे. प्रत्येकाला १ ते ३ गुण मिळतात. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ किंवा ७ असेल तर ग्रेड २, ८ किंवा ९ असेल तर ग्रेड ३.

केआय-६७ या तपासणीत किती टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, याचा अंदाज येतो.

ग्रेड आणि स्टेज यांत गल्लत करू नका. ग्रेड पेशींचा स्वभाव सांगते. आजार किती पसरला आहे हे स्टेज सांगते. ग्रेड ३ लिहिलेले पाहून आजार तिसऱ्या टप्प्यात गेला, असे समजून अनेक घरे हादरतात. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजमध्ये सापडू शकते आणि तिच्यावर चांगले उपचार होऊ शकतात.

सेंट्रोसोमच्या प्रथिनांतील दोषाचा एक वेगळा परिणामही माहीत असावा. एएसपीएम, सीईपी-१५२, एसटीआयएल अशा प्रथिनांच्या जनुकांत जन्मतः दोष असेल, तर गर्भातल्या मेंदूच्या पेशी पुरेशा वाढत नाहीत आणि बाळाचे डोके लहान राहते. असा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. त्यामुळे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. घरात असे मूल असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला जरूर घ्या.

उंदीर, आईचे दूध आणि आनुवंशिकता

रणदिवे यांचे सर्वात जास्त नावाजलेले काम स्तनाच्या कर्करोगावरचे आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या काही वाणांत हा कर्करोग फार आढळतो, काही वाणांत क्वचितच. असे का, याचा शोध त्यांनी घेतला. आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरके आणि एक विषाणू या तिन्हींचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचे नाते भारतात प्रयोगांच्या आधारे मांडणाऱ्या त्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी होत्या.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उंदरांमध्ये हा विषाणू आईच्या दुधातून पिल्लांना मिळतो. माणसात आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होत नाही. उलट स्तनपानामुळे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमी होतो.

माणसातल्या आनुवंशिकतेचा ठोस धागा रणदिवे यांच्या हयातीतच सापडला. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक ओळखले गेले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे मुख्य काम तुटलेला डीएनए दुरुस्त करणे. पण हे प्रथिन सेंट्रोसोमवरही आढळते आणि त्यांची संख्या ताब्यात ठेवायला मदत करते. ते निकामी झाले की पेशीत जास्तीचे सेंट्रोसोम तयार होऊ शकतात. आनुवंशिकता आणि पेशीचे विभाजन हे दोन विषय असे एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाले.

आईला झाले, मग मुलीला होणारच का?

नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या दर १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच तो एखाद्या सदोष जनुकामुळे थेट वारशाने आलेला असतो. बाकीच्यांत असा वारसा सापडत नाही.

पुढीलपैकी काही तुमच्या घरात असेल, तर डॉक्टरांकडे जनुकीय सल्ल्याची चौकशी करा :

• कमी वयात, विशेषतः पन्नाशीच्या आत, झालेला स्तनाचा कर्करोग
• दोन्ही स्तनांत झालेला कर्करोग
• अंडाशयाचा कर्करोग
• पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग
• एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग

वडिलांकडची बाजू विसरू नका. आत्या आणि आजी यांचा इतिहास आई-मावशीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण सदोष जनुक वडिलांकडूनही येते. आई किंवा वडिलांपैकी एकात असे जनुक असेल, तर प्रत्येक मुलात, मुलगा असो वा मुलगी, ते येण्याची शक्यता निम्मी असते. जनुक आले म्हणजे कर्करोग झालाच असेही नाही. पण मग तपासण्या लवकर आणि नियमित सुरू करता येतात.

विभाजन थांबवणारी औषधे

केमोथेरपीतली काही औषधे विभाजनाच्या तंतूंवरच घाव घालतात. पॅक्लिटॅक्सेल तंतूंना गोठवते, त्यामुळे गुणसूत्रे नीट ओढली जात नाहीत. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे विनक्रिस्टिन तंतू उभेच राहू देत नाही. दोन्हींमुळे विभाजन मध्येच अडकते आणि पेशी मरते. सदाफुलीची पाने घरी वाटून किंवा उकळून घेणे मात्र धोक्याचे आहे. ते कधीही करू नका.

केसांची मुळे आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतल्या पेशीही भराभर विभागतात. त्यामुळे अनेक केमोथेरपींत केस गळतात आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. मज्जातंतूंना वाहतुकीसाठी याच प्रकारचे तंतू लागतात, म्हणून या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात. मुंग्या वाढत असतील तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. केमोथेरपी सुरू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री असला तरी लगेच रुग्णालय गाठा.

प्रयोगशाळेबाहेरचे काम

१९६४ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी रणदिवे यांना वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीत या संघटनेचे वसतिगृह आणि पाळणाघर आहे. मूल लहान आहे म्हणून बाईचे विज्ञान सुटू नये, याची ती सोय.

निवृत्तीनंतर त्या गावांकडे वळल्या. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आजार लवकर ओळखायचा तर ओळखणारे माणूस घराजवळच हवे, हे त्यामागचे साधे कारण.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पीएलके-४ सेंट्रिओलची जोडी बनवते, हे २००५ मध्ये समजले. ते पाहायला त्या नव्हत्या. पण भारतात अशा पेशी वाढवून अभ्यासण्याची वाट त्यांनीच घालून दिली होती.

तुम्ही काय करावे?

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी, बोंड आत ओढले जाणे किंवा बोंडातून रक्तासारखा स्राव दिसला, तर घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, पालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा भाईंदर पश्चिमेच्या टेंभा रुग्णालयात आधी दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीशिवाय कळत नाही. बायोप्सी केल्याने कर्करोग पसरतो ही भीतीही मनातून काढून टाका.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट सोबत ठेवा. दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांपैकी कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, हे एका कागदावर लिहून न्या. ग्रेड किती, स्टेज किती, केआय-६७ किती आणि आमच्या घराला जनुकीय तपासणीची गरज आहे का, हे चार प्रश्न विचारा. ते विचारणे हा तुमचा हक्क आहे.